तुमसरच्या दोन वर्षं मागे

आमच्या घरात तोंडापेक्षा हात जास्त चालतात. मारायला नाही हो, सांगायला. बाबा भिलाईच्या कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी नोकरी काढली आणि खाली उभा असलेला माणूस हाताने जे दाखवेल तेवढंच ऐकलं. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. अंगठा ज्या दिशेला, त्या दिशेला जायचं. उघडा तळहात हळूहळू हलवला की सावकाश. मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं, मग वरून देव का उतरेना. रिटायर होईपर्यंत बाबांचे कान निम्मे गेले आणि हे इशारे कायमचे घरी राहायला आले. बाबा तिसऱ्यांदा भात घ्यायला लागले की आई समोरून मूठ आवळते. नवख्या पाहुण्याला वाटतं, या घरात भांडण सुरू आहे. कधीकधी असतंही.

हे घर सेक्टर ६ मधलं, कंपनीचं क्वार्टर, वरचा मजला. मी लग्न होऊन भिलाई-३ ला गेले, नवरा रेल्वेत आहे. म्हणजे माहेर स्कूटीवरून जाण्याच्या अंतरावर. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून झालं की मी संध्याकाळी आईकडे चहा प्यायला जाते आणि उरलेलं तिथे ओरडते. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, आणि त्यातल्या अर्ध्या भांडणांत माझाही आवाज होता.

भांडण टीव्हीचं होतं. आमच्याकडे पैसे भरायची छत्री, म्हणजे डिश होती, दर महिन्याला रिचार्ज करा आणि मग पाहा. पण पॅकेज छत्तीसगडचं. त्यात हिंदी चॅनेल ढीगभर, भोजपुरी होते, दिवसभर अंगठ्या विकणारे होते, आणि मराठी एकही नाही. मराठी पाहिजे तर वेगळे पैसे भरा. हे ऐकून बाबांचा पारा चढला तो उतरेचना. ते म्हणाले, आपलीच भाषा आपल्याच घरात ऐकायचे वेगळे पैसे मी देणार नाही. आई म्हणाली, मग मी काय अंगठ्या पाहत बसू?

आईला मराठी चॅनेल का हवं होतं, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. तिची मोठी बहीण तुमसरला असते. माझी मावशी. आई लहान असताना आजी कायम अंथरुणाला खिळलेली, म्हणून आईची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं मावशीनेच केलं. तुमसर काही लांब नाही, दुर्गहून गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. पण दोघींचे गुडघे गेले आणि जाणंयेणं फोनवर आलं. रोज संध्याकाळी फोन. आता रोज रोज बोलणार काय? मावशीचं म्हणणं, का जेवली, का रांधलं हे विचाराले मी का डॉक्टर आहे. त्यापेक्षा ती त्या वेळी पाहत असलेल्या सिरीयलची गोष्ट सांगायची. एक मोठं घर, एक खाष्ट सासू, एक मसाल्याचा कारखाना आणि तो कारखाना चालवणारी सून. मावशी सांगायची आणि आई ऐकायची. त्या सिरीयलच्या आडून दोघी आपापल्या घरातलं सगळं बोलून घ्यायच्या. स्वतःच्या सुनेबद्दल मावशीच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही, पण सिरीयलमधल्या सुनेला ती असे काही टोले द्यायची की आईला बरोबर कळायचं, आज तुमसरला काय बिनसलंय. आईला ती सिरीयल स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, एवढंच. नुसतं ऐकून हूं हूं करायचा तिला कंटाळा आला होता. बहिणीशी बरोबरीने बोलायचं होतं.

बाबांनी यावर तोड काढली. सुपेल्याच्या बाजारातून ते फुकटची छत्री घेऊन आले. एकदाच विकत घ्यायची, मग जन्मभर रिचार्जचं नाव नाही. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मराठीसुद्धा येतं. बाबांनी हा शब्द घरात येऊन तीनतीनदा म्हणून दाखवला. फुकट.

छत्री बसवायचा कार्यक्रम अख्ख्या ब्लॉकने पाहिला. मिस्त्री बोलवायचा नाही, हे तर ठरलेलंच. बाबा कारखान्यातलं हेल्मेट घालून गच्चीवर. टीव्हीपुढे समोरच्या क्वार्टरमधले अण्णा, कारण त्यांची नजर चांगली. अण्णा आंध्रातले, बाबांच्याच वयाचे, त्यांच्याच शॉपमधून, म्हणजे विभागातून, रिटायर झालेले. आई खाली अंगणात, अशा जागी की तिला खिडकीतले अण्णाही दिसावेत आणि गच्चीवरचे बाबाही. अण्णा पडद्यावर मुंग्या दिसल्या की तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे, मग हिंदीत ओरडायचे, आणि आई पदर खोचून वर इशारा करायची. डावीकडे. अजून डावीकडे. सावकाश. शेवटी अण्णा खिडकीतून नाचायला लागले तेव्हा आईने मूठ आवळली आणि बाबांचे हात जिथल्या तिथे थांबले. खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हेल्मेट काढून त्यांचा स्वीकार केला.

आणि खरंच मराठी चॅनेल होतं बाप्पा. एवढंच नाही, संध्याकाळी तीच सिरीयल लागली, मावशीवाली. आईने चहा ठेवला, खुर्ची पुढे ओढली. दहा मिनिटांनी तिचा चेहरा पडला. पडद्यावर ती खाष्ट सासू सुपात मेथी घेऊन निवडत बसली होती.

"ही तं मेली होती," आई म्हणाली.

मेलीच होती. मावशीने तिच्या तेराव्यापर्यंतचं सगळं फोनवर सांगितलं होतं, दोन दिवाळ्या झाल्या त्याला. मग उलगडा झाला. पैसेवाल्या चॅनेलवर जे आज लागतं, ते फुकटवाल्यावर दोन वर्षांनी येतं. ताटं उचलून झाली की जे पातेल्यात उरतं, ते. म्हणजे मावशी तुमसरात बसून आज पाहणार आणि आई भिलाईत बसून दोन वर्षांपूर्वीचं. बहिणीशी बरोबरीने बोलणं तर बाजूलाच राहिलं. आईने बाबांशी आठवडाभर अबोला धरला. बाबांनी काही विचारलं की नुसती मूठ.

तिला त्यातून बाहेर काढलं मावशीनेच. ती म्हणाली, अवं भैताड, रडते कायले, तुले तं पुढचं सगळं ठाऊक आहे. आणि आईच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीत आपल्या भागातल्या चारपाच बायका आहेत, कुणी गोंदियाकडची, कुणी भंडाऱ्याची. घरात मुलं-नातवंडं हिंदीत बोलतात, मराठी ऐकायला कान तरसलेले. त्या सगळ्या आमच्याकडे सिरीयलला यायला लागल्या, आणि आई त्यांची भविष्यवेत्ती झाली. सुनेवर चोरीचा आळ आला की बायका हळहळायच्या आणि आई मेथी निवडता निवडता शांतपणे म्हणायची, हार धाकट्या जावेच्या पेटीत सापडन, पाहा. पंधरवड्याने हार पेटीत सापडायचा. गल्लीत आईचा वट इतका वाढला की एकीने तिला खऱ्या जावेबद्दलही सल्ला विचारला. रिचार्ज तुमसरात व्हायचा आणि ज्ञान भिलाईत वाटलं जायचं. बाबांना हा व्यवहार बेहद्द आवडला.

एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो, आधी इंग्लंडला शिकायला होता. बाबांना वाटलं, आपला विजय जगाच्या पाठीवर तपासून पाहावा. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. इंग्लंडमध्ये टीव्ही पाहायचा तर लायसन काढावं लागतं, हे ऐकून ते खुर्चीत सरसावले. बंदुकीला असते तसं? भाऊ म्हणाला, हो, आणि नाही काढलं तर चौकशीची पत्रं येतात. बाबांनी आईकडे विजयी नजरेने पाहिलं. मग जर्मनी. भावाने सांगितलं, इथे दर घराने पैसे भरायचे, टीव्ही असो की नसो. त्याच्याकडे तर टीव्हीच नव्हता.

"टीवी नाही?"

"नाही, बाबा."

"अन् पैसे भरून राहिला?"

भाऊ समजावत राहिला की त्यातून चांगल्या बातम्या मिळतात, नाटकं होतात, चॅनेलला कुणाच्या दबावाखाली यावं लागत नाही, जाहिरातीही जवळजवळ नसतात. बाबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. इतके हसले की ठसका लागला. पुढचा महिनाभर गल्लीत जो भेटेल त्याला ते सांगत होते, आमचा पोरगा नसलेल्या टीवीचे पैसे भरते. जाहिराती नसण्याचं मात्र आईला कौतुक नव्हतं. तिला ते ऐकून काळजीच वाटली. जाहिरात नाही तर पोळी उलटवायची कधी? कुकर बंद करायचा कधी? अशा देशात बायका जेवण करपवत असतील, असं तिचं स्पष्ट मत पडलं.

अमेरिकेची बाजू अण्णांनी मांडली, कारण त्यांची मुलगी तिथे असते. तिथे म्हणे घरावर एक दांडा लावला की बरेच चॅनेल फुकट येतात, पण तिच्याकडे दांडा नाही. तिच्याकडे चार वेगवेगळी ॲप आहेत, चारांचे चार ठिकाणी पैसे जातात, आणि तरी ती रोज संध्याकाळी बापाला फोन करून सांगते की पाहण्यासारखं काहीच नाही. यावर बाबांनी स्वतःचं माप काढलं: एका टीव्हीपुढे माणसं किती बसतात ते मोजायचं. जर्मनीत शून्य. अमेरिकेत एक, तीही कंटाळलेली. आमच्या हॉलमध्ये त्या वेळी आई धरून गल्लीतल्या बायका, दाराशी अण्णा, आणि चप्पल काढायलाही जागा नाही म्हणून जिन्यात उभी मी. बाबांनी निकाल जाहीर केला की जगात भारी टीव्ही सेक्टर सहामध्ये आहे. मी म्हटलं, बाबा, दोन वर्षं शिळा आहे तो. ते म्हणाले, लोणचंही शिळंच असते.

सगळं असं मस्त चाललं होतं. मग एका संध्याकाळी आईने बायकांना सांगून ठेवलं की आता सासू मरणार. फुकटवाल्या चॅनेलवर ते दिवस जवळ आले होते. बायकांनी कसं मरते, कुणाच्या मांडीवर मरते असं खोदून विचारायला सुरुवात केली. आईला बारीकसारीक आठवेना. ती म्हणाली, ताईले विचारून सांगते. बायकांसमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला. ताई, सासू मेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं वं?

मावशी म्हणाली, "कोण मेलं? सासू तं आज मेथी निवडून राहिली होती."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. आईसुद्धा हसली, पण तिने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन आत गेली. मी मागून गेले. ती ओट्याला टेकून उभी होती आणि हूं हूं करत होती. मावशी तिला त्या दिवशीचा भाग सांगत होती. आणि तो त्या दिवशीचा नव्हता. आईने आत्ताच बाहेर पाहिला, तो होता. दोन वर्षांपूर्वीचा. अगदी परवा पाहिल्यासारखा ती तो रंगवून सांगत होती, सुनेच्या लुगड्याच्या काठासकट.

मी आईला घेऊन तुमसरला गेले. वाटेत ती एकच गोष्ट बोलत होती, की ताई माह्यावर रागावली असन, मुद्दाम करते. मावशी चांगली हसून सामोरी आली, मला ओळखलं, माझ्या नवऱ्याची ड्यूटी विचारली. मग संध्याकाळ झाली आणि तिच्या सुनेने टीव्ही लावला. पैसेवालं चॅनेल, त्या दिवशीचा ताजा भाग, एकदम चकचकीत चित्र. मावशीने दोन मिनिटं पाहिलं आणि सुनेला विचारलं, हे लोक कोण आहेत? सून मला स्वयंपाकघरात म्हणाली की चारसहा महिन्यांपासून अधूनमधून असं व्हायचं, आता रोजचं झालं. नागपूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आजचं पुसलं जाईल आणि जुनं राहील, मग हळूहळू जुनंही. त्या सिरीयलमध्ये एकदा नायकाच्या डोक्याला मार लागून तो बायकोला विसरला होता, तेव्हा याच मावशीने फोनवर लेखकाला शिव्या घातल्या होत्या. असं कुठं होते का, म्हणे. आईने त्या घरात डोळ्यांतून टिपूस काढला नाही. परतीच्या गाडीत मात्र डोंगरगडपासून दुर्गपर्यंत रडली, उघड उघड, सगळ्या डब्यासमोर. मी तिला गप्प केलं नाही. मला स्वतःलाच कोणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर कोणी नव्हतं.

आणि तुम्हाला सांगते, त्यानंतरचे महिने त्या दोघींचे सगळ्यात सुखाचे गेले. कारण फुकटच्या छत्रीवर जे चाललं होतं, मावशी नेमकी तिथेच येऊन थांबली होती. आई रोज तिच्याशी आजच पाहिल्यासारखं बोलायची, कारण तिने आजच पाहिलेलं असायचं. मावशी मागे सरकली म्हणून आई तिच्या बरोबरीची झाली. पडद्यावर सासू मेली तो आठवडा आईने फोनवर ती गोष्टच काढली नाही. कारखान्याबद्दल बोलत राहिली. बायकांना भविष्य सांगणंही तिने बंद केलं. भावाने तिकडून म्हटलं, मी आईला सगळे चॅनेल घेऊन देतो, ताजा भाग पाहू दे तिला. आई म्हणाली, ताजं नको. बाबा शेजारी बसले होते. एरवी त्यांनी यावर भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त पेपरची घडी उलटी केली.

फुकटच्या गोष्टीचं एक असतं, ती जाताना विचारत नाही. एका सकाळी ते चॅनेल छत्रीवरून नाहीसं झालं. त्या जागी कुस्त्या लागायला लागल्या. बाबा हेल्मेट घालून गच्चीवर गेले. आई अंगणात, अण्णा खिडकीत. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. अण्णांना एव्हाना कळलं होतं की हा छत्रीचा दोष नाही, पण ते खिडकीतून हलले नाहीत. बाबा ऊन डोक्यावर येईपर्यंत ती छत्री फिरवत राहिले. आईने शेवटपर्यंत मूठ आवळली नाही. तिने हात खाली सोडले आणि घरात निघून गेली. त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा आईकडे सांगायला काही नव्हतं. मावशी म्हणाली, तू आज बोलून नाही राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाबा घरी नव्हते. आले ते नवा टीव्ही घेऊन, टेम्पोत बसून, इंटरनेटवाला मुलगा सोबत. त्या टीव्हीत एक ॲप होतं आणि त्यात ती सिरीयल सगळीच्या सगळी होती, पहिल्यापासून आजपर्यंत, हवा तो भाग लावा. फुकट नव्हतं. भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, बाबा, वर्षाचे मी भरतो. बाबांनी त्याला झटकून टाकलं. म्हणाले, तू तुह्या जर्मनीचे भर. ज्या माणसाने स्वतःच्या भाषेसाठी वेगळा पैसा दिला नाही, तो आता शिळ्या भागांसाठी देत होता, आणि त्याला कुणी टोमणा मारला नाही. माझ्या जिभेवर आला होता. गिळला.

रिमोट बाबांकडे. आईला ती बटणं जमत नाहीत आणि बाबांना दुसरं काही करायचंही नव्हतं. सुरुवातीला सोपं होतं, कुस्त्यांनी जिथे तोडलं तिथून पुढे. पण मावशी आता एका जागी थांबत नव्हती. एके दिवशी ती सुनेच्या डोहाळजेवणाबद्दल बोलायला लागली. आई गांगरली. ते डोहाळजेवण छत्री लागायच्या आधीचं, आईने पाहिलेलंच नव्हतं. फोन कानाला, डोळे टीव्हीवर, आणि मोकळ्या हाताचा अंगठा तिने खांद्यावरून मागे दाखवला. बाबांना शब्दाने सांगावं लागलं नाही. त्यांनी भाग मागे घ्यायला सुरुवात केली. अजून मागे, असा अंगठा. मग उघडा तळहात, सावकाश. पडद्यावर हिरवी साडी नेसलेली सून झोपाळ्यावर दिसली आणि आईने मूठ आवळली. मग ती फोनमध्ये म्हणाली, होव ताई, फुलांचा झोपाळा काय मस्त केला आहे त्याईनं. मावशी खूश. पुढे तासभर दोघींचं सुरू.

हे रोजचं झालं. मावशी कधी आठवड्याने मागे जायची, कधी एकदम चार महिन्यांनी, कधी मधेच पुढे यायची आणि आम्हाला हुरूप यायचा. दुसऱ्या दिवशी परत मागे. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून एकदा आईच्या हाताकडे पाहत, एकदा पडद्याकडे. केबिनमध्ये असेच बसत असतील. गल्लीतल्या बायका अजून येतात, पण गोष्ट उलटी चालल्याची तक्रार कुणी करत नाही. अण्णांना मराठी कळत नाही, तेही दाराशी असतात. एकदा मी चिडून म्हटलं, बाबा, रोज उकरून काढण्यापेक्षा मावशीला सरळ सांगा ना की हे जुनं आहे. बाबांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आपला माणूस खाली उभा असला की इकडंतिकडं पाहू नाही, एवढंच म्हणाले.

परवाची गोष्ट. फोन आला तेव्हा मी कपबशा विसळत होते. मावशी काय म्हणते ते आईलाच कळत नव्हतं, कारण तिने सुनेचं नाव घेतलं नाही, कारखान्याचं नाही, सासूचंही नाही. ती म्हणत होती, दारात रांगोळी काढली आहे, कोणीतरी येणार आहे. आईने अंगठा मागे दाखवला. बाबांनी मागे घेतलं. अजून मागे. डोहाळजेवण गेलं, कारखान्याचा नारळ फुटला तो गेला, लग्नानंतरची पहिली दिवाळी गेली. आईचा अंगठा तसाच. मग बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवले, संपलं. यापुढे मागे जाता येत नाही, हा पहिला भाग आहे.

पडद्यावर मोठ्या घराच्या दारात रांगोळी होती. नवी नवरी उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्यापुढे तांदळाचं माप ठेवलेलं होतं. सासू जिवंत, कडक, ओवाळणीचं ताट घेऊन. आई फोनमध्ये सांगत होती, ताई, नवरी आली वं, माप ओलांडून राहिली. मी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. तिकडून मावशीचा आवाज इतका ताजा, इतका उत्सुक आला की फोन कानाला असूनही आम्हा दोघांना ऐकू आला, बाबांनासुद्धा.

"नवीन लागली का वं ही सिरीयल?"

आईने बाबांकडे पाहिलं आणि मूठ आवळली. बाबांनी रिमोट मांडीवरून खाली ठेवला.

"होव ताई," ती म्हणाली. "आजच लागली. आता आपण दोघी पहिल्यापासून पाहू."